शुक्रवारचा जोड

चौगुलेकाका लबान पिताना डोळे मिटायचे. लबान म्हणजे इथलं ताक. दोह्यातल्या कुठल्याही बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, ते प्लास्टिकच्या बाटलीत मिळतं आणि उन्हातून आलेली माणसं ते उभ्याउभ्या घटाघटा पितात. काका एकच घोट घ्यायचे, तोंडात धरायचे, गाल थोडे आत ओढायचे आणि थांबायचे. इतका वेळ थांबायचे, की पहिल्यांदा मला वाटलं यांना काहीतरी होतंय. मग गिळून म्हणायचे, "ठीक हाय." क्वचित कधी काहीच म्हणायचे नाहीत. बाटली माझ्या टेबलाच्या कडेला ठेवायचे आणि ती तिथेच राहायची.

ते आमच्या कंपनीत वेल्डिंगचे फोरमन होते. दूध, ज्यूस, पाणी अशा कारखान्यांना लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइप आमची कंपनी बसवते. वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियात आहे, ऑफिस बिन महमूदमध्ये दुसऱ्या मजल्यावर. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ड्रॉइंग, टेस्टचे रिपोर्ट, वेल्डरांची सर्टिफिकेटं यांना नंबर द्यायचे आणि फाइल करायचं. काम एकटीचं, खोलीही एकटीची. खिडकीला आरशासारखी फिल्म लावलेली आहे. आतून खालचं पार्किंग दिसतं, बाहेरून आतलं काही दिसत नाही. मला ती खोली आवडते.

मी इथेच वाढले. शाळा इंग्लिश मीडियमची, घरी आईबाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची. बाबा रिटायर झाल्यावर ते दोघं नाशिकला गेले आणि मी नोकरीसाठी राहिले, एका मल्याळी कुटुंबाच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत. काकांबद्दल मी आधी इंग्लिशमध्ये लिहून पाहिलं. इंग्लिशमध्ये ते शांत, शहाणे म्हातारे वाटायला लागले. तसे ते नव्हते. म्हणून हे मराठीत, हळूहळू.

आठवड्यातून तीन दिवस ते रिपोर्ट द्यायला ऑफिसात यायचे. पॅन्ट्रीत जेवणाच्या सुट्टीत गर्दी असायची, मोठ्याने हसणं असायचं. एक दिवस ते डबा घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"म्याडम, हितं बसू का? तुमी बोलत न्हाईसा असं ऐकलंय."

मी रिकाम्या खुर्चीवरच्या फाइली उचलल्या. ते आत येऊन फाइलींच्या कपाटाकडे तोंड करून बसले आणि जेवले. मी भिंतीकडे तोंड करून जेवले. असं दोन आठवडे चाललं. मग एकदा जेवताना आईचा फोन आला. आई रोज तेच विचारते आणि मी रोज तेच सांगते. "हो गं, आम्ही सगळे मिळूनच जेवतो. हो, खूप जण असतो."

मी फोन ठेवला. कपाटाकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकांनी आपली खुर्ची उचलून माझ्या टेबलापाशी आणली, डबा ठेवला आणि म्हणाले, "चला. सगळी जेवूया."

त्यानंतर मी म्याडम राहिले नाही, पोरी झाले. मीही त्यांना काका म्हणायला लागले.

वर्कशॉपमध्ये त्यांची एका वाक्याची नक्कल व्हायची. कुणी वेल्डर झालेला जोड दाखवायला आला, की काका वरची चमक बघायचेच नाहीत. "अंदर से दिखाओ." मराठी माणूस असला तर "आतनं दाव." खिशात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा आणि एक बारीक टॉर्च असायची. पाइपच्या तोंडाशी एक डोळा लावून ते आत बघत राहायचे. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, की दुधाच्या पाइपचा जोड बाहेरून कसा दिसतो याला अर्थ नाही, दूध आतून जातं. वेल्डिंग करताना पाइपच्या आत आर्गॉन गॅस सोडत राहावा लागतो. तो नसला तर बाहेरून जोड चांदीसारखा दिसतो आणि आतून करपतो, काळा खरखरीत होतो. त्या खरखरीत जागेत दूध अडकतं, नासतं, आणि मागून येणाऱ्या दुधाला नासवतं.

"आमच्याकडं गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला खरवड धरती बग, तशी." ते कागलजवळच्या गावचे. लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं.

दुसरा त्यांचा हट्ट नंबरांचा. प्रत्येक जोडाशेजारी तो करणाऱ्या वेल्डरने आपला नंबर लिहायचाच. काकांचा नंबर सात, आधीच्या नोकरीपासून तोच. ज्याला नंबर नाही तो जोड ते कापायला लावायचे, मग तो आतून कितीही चांगला असो. "ज्येचं नाव सांगाय मानूस न्हाई त्यो जोड कुनाचा?" माझ्या फायलींना हे फार सोयीचं होतं. मला वाटायचं, किती शिस्तीचा माणूस.

त्यांच्या जिभेची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना माहीत होती. अल रय्यानच्या बाजूला एका लबानच्या कारखान्यात आमचं काम झालं होतं. सहा महिन्यांनी काका सहज गेले असताना तिथल्या मॅनेजरने थंड बाटली दिली. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि विचारलं, "तीन नंबर लाइन?" मॅनेजर हसला. दुसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला आणि तिसऱ्या लाइनचा एक व्हॉल्व्ह उघडून धुवावा लागला. आमच्या अकाउंट्समधले नाझिमभाई, दापोलीचे, हे सगळ्यांना सांगत फिरायचे. "अवो, ह्यांच्या जिभेला सर्टिफिकेट द्या कोणीतरी!"

"कुठे शिकलात हे?" मी विचारलं.

"आयर्लंडला."

मला वाटलं चेष्टा करतायत.

बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कारखान्याने आयर्लंडमधल्या छोट्या ब्रूअरींना बिअरच्या टाक्या विकल्या होत्या, आणि त्या बसवायला काकांना पाठवलं होतं. तिकडे म्हणे गावागावांत अशा छोट्या ब्रूअरी निघत होत्या. कुणी जुन्या गोठ्यात, कुणी बंद पडलेल्या शाळेत, कुणी आपल्याच खाणावळीच्या मागच्या खोलीत. सव्वा वर्षात काकांनी अशा सहा ठिकाणी काम केलं. रिकामी शेड मिळायची. टाक्या उभ्या करायच्या, पाइप जोडायचे, पाणी भरून गळती बघायची आणि पुढच्या गावाला निघायचं. पाण्याच्या पुढे त्या टाक्यांत काय झालं, ते त्यांनी एकाही ठिकाणी पाहिलं नाही.

"बिअर कशी असते ते?"

"मी पीत न्हाई." मग थोड्या वेळाने, "थोरला भाऊ पिऊन गेला."

पण एका गावातल्या बाईने, जी स्वतः बिअर बनवायची, त्यांना घोट तोंडात धरून थुंकायला शिकवलं होतं. नासकं कुठे लागतं, करपलेलं कुठे लागतं. बिघडलेल्याचा आंबटपणा आधी जिभेच्या दोन्ही कडांना कळतो. कामासाठी तेवढं शिकले, आणि ते ताकाला वापरत होते.

त्यांना त्या सहाही जागा पुन्हा बघायच्या होत्या, गिऱ्हाईक म्हणून. हे त्यांनी मला सांगितलं ते शोधून दे म्हणून. अडचण अशी, की गावांची नावं त्यांना आठवत नव्हती. त्यांनी आपली नावं ठेवली होती. गळक्या छपराचा. चर्चमागचा. कुत्रंवाला. बाईचा. पुलाखालचा. आणि शुक्रवारचा.

"काका, जरा खूण सांगा ना."

"उतार हाय. खाली नदी. समोर मेंढरं."

"सगळ्या आयर्लंडमध्ये मेंढरं आहेत."

"ही काळ्या तोंडाची हुती."

तरी सापडल्या. नकाशावर रस्ते बघत, फोटो दाखवत, महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत. गळक्या छपराचा बंद पडून तिथे गालिच्यांचं दुकान झालं होतं. बाकी पाच चालू होत्या. चार जागी तर शेजारीच बार होता, लोक लांबून येत होते आणि आपली मतं इंटरनेटवर लिहीत होते. मग आमचा नवा क्रम सुरू झाला. मी एकेका ब्रूअरीबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचायची आणि मराठीत सांगायची.

"हा म्हणतो, काळी बिअर आहे, कॉफीसारखी, शेवटी थोडी चॉकलेटची चव. ही बाई म्हणते, खिडकीतून समुद्र दिसतो, टाक्यांना हात लावू देतात."

"जोडाला हात लावला का बाईनं?"

"तसं लिहिलेलं नाही."

ते हसायचे, पण दर वेळी शेवटी एकच प्रश्न विचारायचे. "आंबट म्हनलंय का कुनी?"

रमजान आला. दिवसा सगळ्यांसमोर खायचं नाही, म्हणून माझी खोली दार लावून जेवणाची खोली झाली. एक दिवस नाझिमभाई कागदावर सही घ्यायला आत आले आणि मी मोठ्याने वाचत असलेलं त्यांनी ऐकलं.

"अस्तगफिरुल्ला! रोजाच्या दिवसात बिअरचं पारायण?"

मी लाल झाले. काका शांतपणे म्हणाले, "नाझिमभाई, आमी पीत न्हाई. आयकतोय नुसतं."

"मग कानाचा रोजा तुटला की वो तुमच्या!" ते सही घेऊन हसत गेले. जाताना दार मात्र नीट लावून गेले.

त्याच आठवड्यात मी शुक्रवारच्याबद्दल वाचत होते. पश्चिमेला समुद्रकाठचं एक लहान गाव होतं, मालकाचं नाव डेक्लन. एका माणसाने लिहिलं होतं, "छान आंबट." मी ते सहज सांगून पुढे गेले. काकांचा हात डब्यावरच थांबला.

"काय म्हनला?"

"आंबट. पण काका, हल्ली मुद्दाम आंबट बिअर करतात. ती वेगळ्या प्रकारची असते. लोकांना आवडते."

"मुद्दाम कोन आंबवतंय?"

"खरंच. हे बघा, इथे मेन्यूत लिहिलंय."

त्यांनी मेन्यू बघितला नाही. डबा अर्धा ठेवून झाकण लावलं. इथे शुक्रवारी सुट्टी असते आणि काकांना तो दिवस आवडत नाही, खोलीत बसवत नाही म्हणून ते कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, चालत राहतात, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, घरची आठवण येत असेल.

"त्या दिवशी शुक्रवार हुता," ते म्हणाले. "सांजचं. पाऊस. शेवटचा एक बेंड, वळनाचा पाइप, ऱ्हायलेला, किटलीच्या, म्हंजे बिअर उकळायच्या टाकीच्या, मागचा तिसरा. आनि गॅस संपला. नवी टाकी सोमवारी येनार. माजं इमान शनिवारचं. आई आजारी हुती, कागलला."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"तसाच लावला. गॅसबिगर. बाहेरनं बघशील तर माज्या हातचा सगळ्यात देखना जोड. डेक्लननं पाठीवर थाप मारली. मी आरसा खिशातनं काढलाच न्हाई." ते कपाटातल्या माझ्या फायलींकडे बघत होते. "आनि नंबर टाकला न्हाई, पोरी. त्या एकट्या जोडाला."

आई त्या आठवड्यात वारली नव्हती. ते पोचले, ती चार वर्षं जगली. हे त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. त्यांच्या दृष्टीने त्यामुळे गोष्ट आणखी बिघडली होती. सोमवारपर्यंत थांबता आलं असतं.

त्यांना डेक्लनला कळवायचं होतं. ते सांगणार, मी इंग्लिशमध्ये लिहिणार. मी लिहिलं आणि ते म्हणाले, आता मला मराठीत वाचून दाव.

"'असं असू शकतं की, काम चालू असताना, एक जोड कदाचित पूर्णपणे गॅसखाली झाला नसावा...'"

"कुनी केला?"

"ते असं लिहीत नाहीत काका. ऑफिसच्या इंग्लिशमध्ये असंच लिहितात."

"मग ह्यात मी कुटं हाय?"

मी पुन्हा वाचलं. खरंच ते कुठेच नव्हते. रोज असली पत्रं लिहून माझा हात असा बसला होता, की कुणी काही केलेलंच नसतं, सगळं आपोआप झालेलं असतं. मी ते पुसलं. त्यांनी बोटाने टेबलावर ठोके देत सांगितलं आणि मी तेवढंच लिहिलं. किटलीच्या मागचा तिसरा बेंड मी केला. गॅस नव्हता. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. तो कापून टाका. खाली नाव आणि सात.

तीन आठवडे उत्तर नाही. काका रोज विचारत नव्हते. फक्त आत आल्यावर एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि बसायचे. मग एका सकाळी उत्तर आलं आणि मी, जी कुणाला आपणहून फोन करत नाही, तिने वर्कशॉपला फोन लावला. वाचतानाच मला आनंद होत होता.

"ते म्हणतात, 'तुम्ही मला चांगले आठवता. त्या बेंडचा आम्हाला बारा वर्षांत काही त्रास झालेला नाही. ती लाइन जरा हट्टी आहे, दोनदा धुवावी लागते, एवढंच. बिअर उत्तम आहे. या, एक ग्लास माझ्याकडून.' काका? काही त्रास नाही म्हणतात."

मागे ग्राइंडरचा आवाज येत होता.

"दोनदा का?" काका म्हणाले.

मला समजलं नाही.

"बाकीच्या लायनी एकदा धुवाय लागत्यात. ही दोनदा. दर खेपंला. बारा वर्सं त्यो मानूस पयल्यांदा धुऊन, परत धुतोय. त्येला वाटतंय लाईन हट्टी हाय." ग्राइंडर थांबला. "मला जायला पायजे."

डेक्लननेच मग बोलावण्याचं पत्र पाठवलं. मी व्हिसाचा फॉर्म भरला. जाण्याचं कारण या रकान्यात 'स्थानिक ब्रूअरींना भेट' असं लिहिलं. वर्षाच्या सुट्टीतले आठ दिवस आधी आयर्लंड, मग कागल. हे त्यांनी काकूंना माझ्या खोलीतूनच फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता, कारण त्यांना तो बंद करता येत नसे.

"अवो, मला म्हाबळेश्वर दावलं न्हाईसा आनि दारूचं कारखानं बघाय चाललाय व्हय?"

"बघून येतो."

"नुस्तं बघून?"

"थोडं चाखाय लागंल. कामाचं हाय."

"थोडं म्हंजे किती?"

"अर्धा गलास."

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "थोरल्या भावजींनी बी अर्ध्यापासनंच सुरवात केली हुती," काकू म्हणाल्या. काका मान खाली घालून फोनकडे बघत राहिले. मग त्याच म्हणाल्या, "स्वेटर न्या. त्यो चाकलेटी."

ते गेले. मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. फोनवर त्यांचे फोटो यायचे. चर्चमागचा, पुलाखालचा, कुत्रंवाला, बाईचा. सगळे फोटो जोडांचे. बार नाही, समुद्र नाही, माणूस नाही, नुसती स्टीलची एक रेघ आणि तिच्याशेजारी अजून पुसट दिसणारा सात. सोबत आवाजाचा संदेश, मागे गाण्याचा आणि ग्लासांचा गोंधळ. "कुत्रंवाला. कुत्रं नवं हाय, नाव तेच ठेवलंय. घोट घेतला. ठीक हाय." बाईच्या ब्रूअरीतून आलेला संदेश थोडा लांब होता. "वळकलं गं तिनं. मिठीच मारली. आता मी काय करू? हात खाली सोडून हुबा ऱ्हायलो. टाकीला कान लावून बघितलं. आत खदखदत हुतं. भरलेली टाकी मी कदी आयकली नव्हती."

एका फोटोत, चकाकत्या टाकीच्या पोटावर, तेच उमटले आहेत. कानटोपी, चॉकलेटी स्वेटर, हातात फोन, सगळं रुंद आणि वाकडं झालेलं. मागे टेबलाभोवती बसलेली माणसं, त्यांच्यापासून बरंच अंतर सोडून हे. माझ्याकडे त्यांचा तेवढाच फोटो आहे.

शुक्रवारच्याचा फोटो आला नाही.

कागलची सुट्टीही संपवून ते परत आले तेव्हा उन्हाळा वाढला होता. काकूंनी दिलेला गूळ माझ्या टेबलावर ठेवला आणि डबा उघडून आधी जेवून घेतलं. मग सांगितलं, थोडक्यात.

डेक्लन म्हातारा झाला होता. ग्लास पुढे केला तेव्हा काका म्हणाले, आधी बेंड. तो म्हणाला, कशाला आता? काका बसले नाहीत, ग्लास उचलला नाही, उभेच राहिले. शेवटी लाइन बंद करून बेंड कापला. आत खरवड होती, बारा वर्षांपूर्वी टाकली तशीच. डेक्लनने तिच्यावरून बोट फिरवलं. तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "म्हणजे तू होतास तर." आणि मग बराच वेळ भिंतीवर लटकवलेल्या धुण्याच्या ब्रशांकडे बघत बसला.

"नवा जोड तुम्ही केलात?"

"न्हाई. व्हिसा फिरायचा हुता. हात कसा लावनार? गावातली एक वेल्डर बोलावली, तुज्याएवढीच पोरगी. तिनं केला. मी गॅसच्या मीटरजवळ हुबा ऱ्हायलो. तिचं संपंस्तवर डोळा काढला न्हाई." मग, जरा नाइलाजाने, "माज्यापरास चांगला जोड. आतनं बघितला. तिनं तिचा नंबर टाकला."

"आणि बिअर?"

"अर्धा गलास प्यालो. सगळा."

"कशी होती?"

"कडू." त्यांनी तोंड वाकडं केलं. "लोक एवढ्या लांबनं कशाला येत्यात कळंना."

मी हसले. तेही हसले. मग डबे बंद करताना माझ्या लक्षात आलं की आता वाचायला काही उरलेलं नाही. पुढचे काही दिवस मी उगाच एखादं मत शोधून ठेवायची. ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे. शेवटचा प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा विचारला नाही.

दोन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडत असल्याचं पत्र दिलं. ऑफिसात केक कापला. नाझिमभाई बोलले, साहेब बोलले. मग कुणीतरी म्हणालं, आता हिने बोलायचं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हातातल्या केककडे बघत राहिले.

"ती बोलत न्हाई," काका केक खात म्हणाले. "ती लिवती."

सगळे पांगल्यावर ते माझ्या खोलीत आले आणि एक कागद पुढे केला. आमचाच जोडाच्या तपासणीचा कोरा फॉर्म, त्यांच्या तिरक्या अक्षरात भरलेला. जागा, डेक्लनची. जोड, किटलीमागचा तिसरा. वार, शुक्रवार. गॅस, नाही. वेल्डर, सात. निकालाच्या रकान्यात, नापास.

"फाइल कर."

"काका, हे आपल्या कुठल्याच प्रोजेक्टमध्ये बसत नाही."

"तुज्याजवळ ऱ्हाऊदे मग."

मी त्याला नंबर दिला नाही. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

ते खाली गेले आणि मी खिडकीशी उभी राहिले. कंपनीची गाडी पार्किंगमध्ये थांबली होती, मागे त्यांची दोरीने बांधलेली बॅग. दुपारचा एक वाजत आला होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. ड्रायव्हरला हाताने थांब म्हणून काका कोपऱ्यावरच्या बकाल्यात शिरले आणि लबानची बाटली घेऊन बाहेर आले. उन्हातच उभे राहून त्यांनी बूच काढलं, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मी हात वर केला. काचेला फिल्म आहे हे माझ्या लक्षात होतं, तरी केला. ते तसेच उभे होते, गाल आत ओढलेले, सगळं लक्ष जिभेच्या कडांवर. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काकांनी घोट गिळला, आणि तिथे कुणी नसताना, मान हलवून काहीतरी म्हणाले. दोनच शब्द असावेत. मग उरलेलं लबान त्यांनी उभ्याउभ्या, घटाघटा, इतर माणसं पितात तसं पिऊन टाकलं आणि गाडीत बसले.